प्लग कुणी काढला?

मंडळी, या महिन्यात पासवर्डच्या विषयाचा दुसरा भाग लिहायचं कबूल केलं होतं. तो पुढच्या महिन्यावर ढकलतोय. मधल्या काळात आमच्या घरी एक गोष्ट घडली आणि तिच्यात चूक माझी होती. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आईवडील, आजी-आजोबा आता त्या वयात आहेत, म्हणून ती सांगून टाकलेली बरी.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चार्जर शोधत बाबांच्या खोलीत गेलो. त्यांच्या पलंगाशेजारी एक छोटा पांढरा डबा असतो. बाबांच्या छातीत बसवलेलं यंत्र रात्री या डब्याशी बिनतारी बोलतं आणि डबा ती माहिती दवाखान्यात पाठवतो. त्यावर एक हिरवा दिवा कायम लागलेला असतो. त्या दिवशी तो बंद होता. प्लगच्या जागी बाबांचा मोबाइल लावलेला होता आणि डब्याची वायर गुंडाळून, तिला रबरबँड लावून, बाजूला ठेवली होती. बाबांची सगळी कामं अशीच नीटनेटकी असतात.

"बाबा, हे बंद का?"

"मीच काढलंय. जूनमध्येच. तूच म्हणालास ना, हॅक होतं म्हणून."

म्हणालो होतो खरा. मे महिन्यात आत्या आणि काका जेवायला आले होते. काकांनी बाबांच्या यंत्राची चौकशी केली आणि मी आपलं ज्ञान पाजळायला सुरुवात केली. ही यंत्रं म्हणजे छोटे कॉम्प्युटरच, बिनतारी जोडलेले, आणि बिनतारी जोडलेलं काहीही हॅक होऊ शकतं वगैरे. सगळे कौतुकाने ऐकत होते. बाबा काही बोलले नाहीत. पुढे कधीतरी त्यांनी शांतपणे प्लग काढला. दवाखान्यातून दोनदा फोनही आला होता म्हणे, की तुमची माहिती येत नाहीये. बाबांनी "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे" असं सांगितलं होतं.

आधी हे यंत्र काय आहे ते सांगतो. बाबा ६८ वर्षांचे. चार वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, स्टेंट बसला. पण हृदयाच्या स्नायूचं जे नुकसान व्हायचं ते झालं. तीन महिने औषधं घेऊनही ईएफ, म्हणजे डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा, ३० च्या वर जाईना. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो. तो ३५ किंवा त्याखाली राहिला तर हृदय अचानक बंद पडण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी आयसीडी बसवायला सांगितलं.

हार्ट अटॅक आणि कार्डिॲक अरेस्ट यांत आपण फार गल्लत करतो. सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीचं उदाहरण घ्या. पाइपात कचरा अडकला आणि पाणी पोचेना, तसं हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबली की हार्ट अटॅक. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखतंय म्हणून सांगतो, दवाखान्यात पोचायला थोडा तरी वेळ मिळतो. कार्डिॲक अरेस्टमध्ये बिघाड विजेचा असतो. एखादा फेज गेला की मोटार नुसती घुमते आणि पाणी वर चढत नाही, तसे हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात आणि रक्त पुढे जात नाही. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. छातीवर दाब दिला नाही आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. अटॅकमुळे अरेस्ट येऊ शकतो, पण अटॅक न येताही अरेस्ट येतो. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये युरो कपच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मैदानात कोसळला, तो अरेस्टच. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. मैदानावरच छातीवर दाब आणि विजेचा झटका मिळाला म्हणून वाचला. नंतर त्याला आयसीडी बसवलं आणि पुढच्याच वर्षी तो पुन्हा इंग्लंडमध्ये खेळायला लागला.

आयसीडी म्हणजे हा झटका देणारं यंत्र शरीरातच ठेवणं. ते प्रत्येक ठोका ऐकत असतं. लय बिघडली की आधी हलक्या, जलद स्पंदनांनी ती मोडायचा प्रयत्न करतं. जमलं नाही तर झटका देतं. ही कल्पना डॉ. मिशेल मिरोव्स्की यांची. १९६६ मध्ये इस्राएलमध्ये त्यांचे गुरू आणि वरिष्ठ डॉ. हॅरी हेलर अशाच लयबिघाडाने गेले. सतत दवाखान्यात तर ठेवता येत नाही, मग झटका देणारं यंत्रच माणसाच्या आत का ठेवू नये, हा मिरोव्स्कींचा प्रश्न. अनेक तज्ज्ञांनी त्यांना वेड्यात काढलं. ४ फेब्रुवारी १९८० ला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिलं यंत्र माणसात बसवलं गेलं. तेव्हा छाती उघडावी लागे आणि यंत्र पोटात ठेवावं लागे. बाबांचं यंत्र कॉलरबोनखाली बसतं आणि शर्टावरून कळतही नाही.

आता माझ्या ज्ञानाकडे वळू. मी त्या दिवशी जेवताना जे सांगितलं ते खोटं नव्हतं. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ आणि हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या संशोधकांनी एका आयसीडीचे बिनतारी संदेश पकडले, रुग्णाची माहिती वाचली आणि यंत्राच्या सेटिंगही बदलून दाखवल्या. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये त्यांच्या यंत्राचा बिनतारी भाग बंद करून घेतला होता. चेनींनी २०१३ मध्ये ते स्वतः टीव्हीवर सांगितलं.

पण मी पुढचं सांगितलं नव्हतं. २००८ चा प्रयोग टेबलावर ठेवलेल्या यंत्रावर, अगदी काही सेंटिमीटर अंतरावरून झाला होता. पुढे २०१७ मध्ये एका कंपनीच्या पेसमेकरमध्ये आणि २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या आयसीडींमध्ये अशा त्रुटी सापडल्या. दोन्ही वेळी अमेरिकेच्या एफडीएने त्या जाहीर केल्या आणि त्यांमुळे कुणा रुग्णाला इजा झाल्याची नोंद नसल्याचंही सांगितलं. जानेवारी २०१७ मध्ये पहिल्या कंपनीच्या घरच्या डब्यातली त्रुटी दुरुस्त करण्यात आली. ती दुरुस्ती रुग्णांपर्यंत कशी पोचणार होती? त्या डब्यातूनच. डबा प्लगला लावून ठेवा, दुरुस्ती आपोआप येईल, अशी सूचना होती. ज्यांनी बाबांसारखा घाबरून प्लग काढला असेल, त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नसणार.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या कंपनीच्या अमेरिकेतल्या सुमारे ४,६५,००० पेसमेकरसाठी आतल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. त्यासाठी दवाखान्यात जावं लागे. तीन मिनिटांचं काम. तेवढा वेळ पेसमेकर मिनिटाला ६७ ठोक्यांवर राखीव पद्धतीने चाले. यंत्र पूर्ण बंद पडण्याची शक्यता ०.००३ टक्के सांगितली होती. ऑफिसात सर्व्हर रीस्टार्ट करताना आम्ही देवाचं नाव घेतो. इथे सर्व्हर माणसाच्या छातीत आहे. म्हणून सरसकट सगळ्यांनी धावायचं नव्हतं, डॉक्टर आणि रुग्णाने मिळून ठरवायचं होतं.

त्या आठवड्यात रात्री बसून मी या विषयावर जमेल तेवढं वाचून काढलं. ज्यांचं खरंच नुकसान झालं ती माणसं कोण, हे शोधत गेलो. हॅकर कुठेच सापडला नाही.

एक सापडली गायडंट कंपनीची गोष्ट. मार्च २००५ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात २१ वर्षांचा एक विद्यार्थी मैत्रिणीबरोबर सायकलवर फिरत असताना कोसळला. त्याला जन्मापासून हृदयाचा आजार होता आणि त्याच्यासाठीच आयसीडी बसवलेलं होतं. पण झटका देतानाच यंत्रात शॉर्ट सर्किट झालं. नंतर कळलं की ही त्रुटी कंपनीला २००२ पासून माहीत होती. त्यांनी नव्या यंत्रांत ती दुरुस्तही केली होती, पण डॉक्टरांना सांगितलं नाही आणि आधी बनलेली यंत्रंही विकली. त्या मुलावर उपचार करणारे डॉ. बॅरी मॅरन आणि त्यांचे सहकारी डॉ. रॉबर्ट हाउझर यांनी हे जगासमोर आणलं. २०११ मध्ये न्यायालयाने कंपनीला दंड आणि जप्ती मिळून सुमारे २९ कोटी ६० लाख डॉलरची शिक्षा दिली.

दुसरी गोष्ट तारेची. यंत्रापासून हृदयापर्यंत जाणारी तार हा या सगळ्यातला नाजूक भाग. २००७ मध्ये मेडट्रॉनिक कंपनीने आपली स्प्रिंट फिडेलिस ही तार बाजारातून काढून घेतली, कारण ती आतल्या आत तुटत होती. तुटकी तार म्हणजे खरखरणारा फोन. यंत्राला तो आवाज बिघडलेल्या लयीसारखा वाटतो आणि ते शुद्धीवर असलेल्या माणसाला नाहक झटके देतं. तोवर जगभरात अशा दोन लाखांहून जास्त तारा बसवून झाल्या होत्या. इतक्या लोकांच्या तारा काढणं जास्त धोक्याचं होतं. मग बसवलेल्या यंत्रांतच नवं सॉफ्टवेअर घातलं गेलं, तार खराब होऊ लागल्याची चाहूल आधी लागावी म्हणून. ही चाहूल वेळेवर दवाखान्यात पोचवतो तो पलंगाशेजारचा डबाच.

तिसरी गोष्ट माझ्या क्षेत्रातल्या बाईंची आहे. मेरी मू या नॉर्वेतल्या कॉम्प्युटर सुरक्षातज्ज्ञ. २०११ मध्ये त्यांना पेसमेकर बसला. काही दिवसांनी लंडनमध्ये मेट्रो स्टेशनचे जिने चढताना त्यांना एकदम दम लागला, जीव जातो की काय असं वाटलं. त्यांच्या यंत्रात कमाल १६० ठोक्यांची मर्यादा लावलेली होती. त्यांच्यासारख्या तरुण बाईला ती कमी होती. जिने चढताना हृदय तिथे पोचलं की यंत्र ठोके थेट निम्म्यावर, ८० वर आणत होतं. कारण सापडायला कित्येक महिने लागले, कारण दवाखान्यातल्या ज्या कॉम्प्युटरवर सेटिंग दिसतात तो चुकीची सेटिंग दाखवत होता. साधा बग. असा बग मी स्वतः ऑफिसात दोनदा तरी केला असेल. स्क्रीनवर एक आणि आत दुसरंच. फरक एवढाच की माझ्या बगमुळे कुणाचं तरी बिल चुकलं होतं.

हे सगळं एका रविवारी सकाळी बाबांना बसून सांगितलं, यावेळी अर्धवट न ठेवता. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या ऑफिसात रात्री काही बिघडलं तर तुला कसं कळतं?"

"लॉग असतो. नोंद होते, मेसेज येतो."

"आणि लॉग बंद ठेवला तर?"

"सकाळी लोकांचे फोन आल्यावर कळतं."

बाबा उठले, रबरबँड काढला आणि प्लग लावला. रबरबँड ड्रॉवरमध्ये ठेवला.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. पुढच्या आठवड्यात आम्ही यंत्राच्या तपासणीला गेलो. तंत्रज्ञ मॅडमनी यंत्राची मेमरी वाचली आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. श्रावणातल्या एका रात्री, दोन वाजून काही मिनिटांनी, बाबांच्या हृदयाची लय बिघडून वेग १९० वर गेला होता. यंत्राने जलद स्पंदनं देऊन ती मोडली होती. झटक्याची वेळ आली नाही. बाबा झोपेतच होते, आईसुद्धा. शेजारच्या खोलीत मी झोपलो होतो. डॉक्टरांनी औषध बदललं आणि म्हणाले, "हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळायला हवं होतं. सहा-सात आठवडे उशीर झालाय." रागाने नव्हे, साधंच म्हणाले. परतताना स्कूटरवर बाबा मागे बसले होते. घर येईपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

त्या रात्री यंत्राने आपलं काम केलं. नुसतं बसवलं की काम संपत नाही, हे मात्र मला त्या दिवशी कळलं. त्याच्याशी बोलत राहावं लागतं, आणि यंत्र बनवणाऱ्यांनीही आपल्याशी खरं बोलायला लागतं. वर सांगितलेल्या गोष्टींत कुणीतरी गप्प बसलं होतं, नाहीतर कुणाला तरी चुकीचं दिसत होतं. आमच्या घरी बाबा गप्प बसले आणि मी नको तेवढं बोललो.

घरात कुणाला पेसमेकर किंवा आयसीडी असेल, तर तरुण मंडळींनी स्वतःकडे घ्यायची ही कामं:

यंत्रासोबत मिळालेलं कार्ड पाकिटात हवं आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. त्यावर कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर आणि तारेचं मॉडेलही असतं. कंपनीने एखादं मॉडेल परत मागवलं, तर आपलं त्यात आहे का हे तेवढ्यावरून डॉक्टरांना विचारता येतं. यंत्रामुळे काही त्रास झाला असं वाटलं, तर मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडियाकडे कळवता येतं. २०१५ पासून चालू असलेला हा सरकारी कार्यक्रम गाझियाबादहून चालतो आणि तक्रार रुग्णालाही करता येते.

मोबाइल शर्टाच्या खिशात, यंत्रावर ठेवायचा नाही. वीतभर अंतर पुरतं. चुंबक असलेले नवे फोन आणि त्यांचे चार्जर जास्त जपून. आयसीडीवर चुंबक धरला की ते झटका देणं थांबवतं. चुंबक काढला की पुन्हा सुरू होतं, पण तेवढ्यात गरज पडली तर? इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब. नवरात्र तोंडावर आलंय, तेव्हा गरब्याच्या मैदानात मोठ्या स्पीकरला टेकून उभं राहायचं नाही, त्यातही मोठे चुंबक असतात. एमआरआयच्या आधी कार्ड दाखवायचंच.

आयसीडीने एक झटका दिला आणि माणूस बरा वाटत असेल, तर डॉक्टरांना फोन. लागोपाठ दोन झटके, किंवा एकच पण त्रास होतोय, तर थेट १०८. त्या वेळी आपला हात अंगाला लागलेला असेल तर फार तर झिणझिण्या येतात, आपल्याला धोका नसतो. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नीट नसेल, तर यंत्र आहे म्हणून थांबायचं नाही. १०८ ला फोन करायला कुणाला तरी सांगायचं आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागायचं. दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. यंत्र नसलेल्या माणसालाही हेच. २०२३ च्या नवरात्रात आपल्या गुजरातमध्ये गरबा खेळताना माणसं कोसळल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. शेजारी गोल धरून जे नाचत असतात, पहिली चार मिनिटं त्यांच्याच हातात असतात.

शेवटची गोष्ट बोलायला जड आहे, पण ती बाबांनीच काढली. अंत्यसंस्कारापूर्वी हे यंत्र काढून घ्यावं लागतं, कारण दाहात त्याची बॅटरी फुटते. घरच्यांना तेव्हा सुचत नाही, म्हणून आधीच माहीत हवं. बाबा हे सांगताना भाजी निवडत होते. आई म्हणाली, "सकाळी सकाळी काय हे!" बाबा म्हणाले, "लिहून ठेव रे, तुझ्या मासिकात पण टाक." म्हणून टाकलं.

हल्ली रात्री झोपण्यापूर्वी मी एकदा बाबांच्या खोलीत डोकावतो. हिरवा दिवा लागलेला असतो. बाबांना वाटतं मी चार्जर शोधायला येतो.

पासवर्डचा दुसरा भाग पुढच्या महिन्यात, नक्की.